खांड्याशी लागलेलं लग्न

“हात लावू नका त्यांना!”

चतुराबाईंच्या तोंडून हा आक्रोश निघाला आणि उंबरठ्यातले हिम्मतराव जागच्या जागी थिजले... कारण ‘त्यांना’ म्हणजे देवघराशेजारच्या तलवारीला!

तेरा वर्षांपूर्वीच्या वैशाखात चतुराबाईंचं लग्न याच तलवारीशी लागलं होतं. नवरदेव हिम्मतराव, साडेतीन गावांच्या जहागिरीचे युवराज, तेव्हा जर्मनीत यंत्रं शिकत होते. पोरगा मडम घेऊन येईल या धास्तीने वडील एकनाथरावांनी कुळाच्या चालीप्रमाणे नवरदेवाच्या जागी त्यांचा खांडा पाटावर ठेवला, त्याला मंदील बांधला आणि वाजतगाजत अंतरपाट धरला. खांडा लाजल्याचं कुणाला दिसलं नाही. पंधरा दिवसांनी चिरंजीवांचं पत्र आलं. मडमेशी लग्न होऊन महिना उलटला होता!

हिम्मतराव परतले ते हिल्डाला घेऊन, आणि सिकंदराबादेला राहिले. एकनाथरावांनी दार लावून घेतलं. सुलतान बाजारच्या त्या घरात सुनेच्या वाट्याला उरले पोलादी पतिराज. नवरा म्हणून त्यांच्यात तशी खोट नव्हती. उलटून बोलत नसत, आमटीला नावं ठेवत नसत. पावसाळ्यात तेवढे गंजत. पण रोज मुठीला कुंकू लावताना त्या अभागिनीचं अंतःकरण भरून येई... ज्यांचं हे शस्त्र, त्यांचा आवाज तरी कसा असेल?

तो आवाज आज घरात आला होता. निजामी संपली होती, घरोघरची हत्यारं ठाण्यात जमा होत होती. एकनाथराव गेल्या वर्षी निवर्तले, म्हणून नोटीस वारसाच्या नावे निघाली आणि वारस जमादाराला घेऊन दारात उभा राहिला.

“जमा करना पडता बाईसाब,” जमादार ओशाळून म्हणाला. “हमारे घरवाली की जबान भी लेते बोले तो मैं आजच देतूँ, मगर वो लिस्ट में नै है!”

हिम्मतराव हसले नाहीत. त्यांची नजर मुठीवरच्या ओल्या कुंकवावर खिळली होती.

“हे... रोज लावता?”

“रोज.”

“मग चाळीस साली चौकशीला आलेल्या गोऱ्या साहेबापुढे ‘हे माझे कुणी नव्हेत’ असं का लिहून दिलंत? तो कागद वाचला आणि या गल्लीत पाऊल टाकलं नाही मी! म्हटलं, बाईंना आपली किळस आली...”

चतुराबाईंचा पदर डोळ्यांशी गेला.

“साहेब विचारत होता, युवराजांची खरी बायको कोण? लढाई पेटलेली. मी ‘मी’ म्हटलं असतं, तर हिल्डाबाईंचं लग्न खोटं ठरलं असतं आणि जर्मन म्हणून त्यांना तारेच्या कुंपणात टाकलं असतं. पोटुशी होत्या हो त्या! आमच्या मोलकरणीने, गंगूने, बाजारात पाहिलं होतं त्यांना... मग मी काय सांगायला हवं होतं?”

जर्मनीतली सगळी यंत्रं शिकलेला तो माणूस मटकन खाली बसला.

“आणि मी इतकी वर्षं तुम्हालाच दोष देत राहिलो... चतुरा!”

आपलं नाव! त्या आवाजात! आयुष्यात पहिल्यांदा!

“चला सिकंदराबादेला,” ते म्हणाले. “तिचं घर तुमच्यामुळे उभं आहे. मी सांगतो तिला.”

या एका शब्दासाठी किती संध्याकाळी त्या खिडकीशी उभ्या राहिल्या होत्या! आणि आता तो शब्द समोर येऊन उभा राहिला, तेव्हा त्यांनी हलकेच मान हलवली.

“नको. तेरा वर्षं ज्यांचा संसार मोडू दिला नाही, त्यांच्या चुलीशी आता मी कुठे जाऊन बसू? तलवार न्या, हुकूम आहे. पण... आज जेवून जा. एवढंच.”

पानं मांडली. जमादारालाही ओसरीवर वाढलं. सरकारी काम म्हणून त्याने तिसऱ्या भाकरीला नाही म्हटलं नाही. आत हिम्मतराव खाली मान घालून जेवत होते, आणि चतुराबाई डोळे भरून पाहत होत्या. ते कारल्याची भाजी हळूच भाकरीच्या तुकड्याखाली सारत होते.

“आवडत नाही का?”

“लहानपणापासूनच नाही.”

तेरा वर्षांच्या संसारात आपल्या पतीबद्दल त्यांना कळलेली ही पहिली गोष्ट! डोळ्यांतलं पाणी गालांवर ओघळलं, तरी ओठ हसले.

“शनिवारी वांगं करते मग,” त्या म्हणाल्या. “हिल्डाबाईंना तिखट चालतं का, तेवढं विचारून या.”