बिनसाखरेचा चहा

"वाटी देऊ नका, आक्का! त्यांना शुगर हाय!"

ऐन ईदच्या सकाळी, नणंदेच्या इंदापूरच्या भरल्या घरात करिमानं नवऱ्याच्या हातातली शीरखुर्म्याची वाटी काढून घेतली. जैबुनआक्का, चाँदभाईंची थोरली बहीण, संतापल्या. "सणासुदीला माझ्या भावाच्या तोंडचा घास काढतीस? काळीज हाय का दगड गं तुझं?"

चाँदभाई मान खाली घालून बसले होते, अंगाला अत्तराचा घमघमाट होता, आणि त्या अत्तराखाली कसला वास दडलाय हे त्या घरात एकट्या तिलाच ठाऊक होतं.

शुगर... अहो, चाँदभाईंना शुगर कधी नव्हतीच! फार वर्षांमागं आक्कांच्या लेकीच्या लग्नात ते पिऊन मांडवातच कोसळले, पाहुणे धावले, आणि नवऱ्याची लाज झाकायला करिमाच्या तोंडून निघून गेलं, "शुगर हाय त्यांना, चक्कर आली." घरची अब्रू वाचली खरी, पण त्या दिवसापासून पै-पाहुण्यांत चाँदभाईंना बिनसाखरेचा चहा मिळू लागला, आणि करिमाला टोमणे. नवऱ्याला मिळत नाही ते आपण तरी कसं खावं, म्हणून तिनंही गोडाला हात लावायचं सोडून दिलं. ते मात्र कुणाच्या ध्यानातसुद्धा आलं नाही.

परतताना एसटीच्या खिडकीशी तिला लग्नानंतरची पहिली ईद आठवली... तेव्हा त्यांच्या गावात, लासुर्ण्यात, ट्रॅक्टरचं सीट शिवावं तर चाँदभाईंनीच! त्या ईदला वाटीवर वाटी चापून, तळाशी राहिलेला खारकेचा तुकडा त्यांनी हळूच तिच्या तोंडात घातला होता, आणि सासूबाई नेमक्या दारात! पदर तोंडाला लावून काय हसल्या होत्या त्या माउली! कुठं गेला तो माणूस, कुठं गेले ते दिवस... करिमाचे डोळे भरून आले.

पुढच्याच आठवड्यात दीपक नावाचा दुधाच्या टँकरचा ड्रायव्हर सीट शिवून घ्यायला दुकानात आला. चाँदभाईंच्या हातात सुई ठरेना. "शुगर हाय त्यांना," करिमा म्हणाली. ते उठून बाहेर गेले तसा तो हळूच म्हणाला, "भाभी, ही शुगर न्हाय. ह्ये दुखणं मीबी काढलंय. बारामतीला एमआयडीसीजवळ शाळेच्या खोलीत दर रविवारी आमची बैठक असती. तितं उपदेश न्हाय, काय न्हाय. आपली कर्मकहाणी आपण सांगायची, दुसऱ्याची ऐकायची. घरच्या बायकांचीबी शेजारच्या खोलीत बैठक असती."

करिमानं विषय काढला मात्र, चाँदभाई उसळले. "मला काय धाड भरलीया? मला शुगर हाय! तूच सांगितलंयस की साऱ्या गावाला!"

तेव्हा करिमाला उमगलं. लाज झाकायला घातलेल्या पांघरुणाच्या उबेतच दुखणं पोसलं होतं... आणि पांघरूण तिचंच होतं!

रविवारी ती एकटीच बारामतीला गेली. बोलायला उभी राहिली आणि नुसतीच रडली. तेव्हा सांगवीची एक बाई तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "मीबी लोकांना आमच्या मालकांचा मणका गेलाय म्हनून सांगायची, बाई!" आणि रडता रडता साऱ्याजणी हसल्या.

दोन दिवसांनी आक्कांचा फोन आला. "चाँदची शुगर कशी हाय?" चाँदभाई समोरच बसले होते.

"आक्का," करिमा म्हणाली, "त्यांना शुगर न्हाय. कधीच नव्हती. त्ये दारू पित्यात."

फोन कट झाला. "बहिणीपुढं नागडं केलंस मला!" चाँदभाई ओरडले.

"व्हय! आता झाकायला काय उरलं न्हाय. तवा चला माझ्यासंगं!"

चार दिवस त्यांनी अबोला धरला. रविवारी सकाळी मात्र करिमा दार उघडते तो काय, चाँदभाई चपला घालून उंबऱ्यावर बसलेले!

मग रविवारमागून रविवार गेले. मधे एकदा पाय घसरला, पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात झाली. चाँदभाई नुसतेच ऐकत बसायचे, तोंड उघडत नव्हते. दीपकच्या दारू सोडल्याच्या वाढदिवसाला बैठक घरच्यांसाठीही खुली होती. करिमानं आक्कांना निरोप धाडला होता. त्या येतील अशी आशा तिला नव्हती.

त्या दिवशी चाँदभाई उठले. खुर्चीची पाठ घट्ट धरून म्हणाले, "माझं नाव चाँद. मी... मी दारुडा हाय."

"नमस्कार, चाँदभाई!" सगळे एकदम म्हणाले.

"मला शुगर न्हाय. माझी लाज झाकायला बायको खोटं बोलली, अन् माझ्यापायी साऱ्यांच्या शिव्या तिनं खाल्ल्या. मी नुसता बघत बसलो... करिमा, माफ कर मला!"

चहा आला. सवयीनं करिमा म्हणाली, "ह्यांना बिनसाखरेचा..." आणि थांबली. "साखरेचाच द्या!" चाँदभाई म्हणाले. "हिलाबी."

"चहाच का?" मागून आवाज आला. दारात जैबुनआक्का उभ्या होत्या, हातात डबा. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "माझ्या घरी तूबी कधी वाटीला हात लावला न्हाईस गं. मला वाटायचं, घमेंड हाय पोरीला! मीच आंधळी..." करिमाला छातीशी धरून त्या ढसाढसा रडल्या.

डब्यात शीरखुर्मा होता. चाँदभाईंनी वाटी संपवली, तळाशी राहिलेला खारकेचा तुकडा बोटानं उचलला, आणि भर बैठकीत करिमाच्या तोंडाशी नेला.

"अवो, लोक बघत्यात!"

"बघू दे."

तिनं तोंड उघडलं. पदर तोंडाला लावून आक्का हसत होत्या... अगदी त्यांच्या आईसारख्या.