तिसऱ्या खांबाची खरखर

"गुरुपाद, बंद कर तो रेडिओ! डोकं उठलं!" उमा ओरडली.

"मी काय करू? गाणं चांगलं चालू होतं!" तिच्या धाकट्या भावानं ट्रान्झिस्टर थोपटला. खरखर थांबेना.

सुट्टीसाठी मुदखेडहून आलेला आतेभाऊ सिद्धलिंग पुस्तकात डोकं खुपसून बसला होता. आज उमाला त्याची चेष्टाही सुचत नव्हती. दुष्काळ होताच, त्यात लातूर नवा जिल्हा झाल्यापासून कागद भराभर हलत होते. गावची बोअर कोरडी पडली असा शेरा कागदावर मारला होता. चार वाजता ट्रक येऊन मोटर उपसून नेणार! मग उमाचं घर गाव सोडून नांदेडला, वीटभट्टीवर. आईनं भांडीसुद्धा बांधली होती. उमाची शाळा सातवीतच संपणार होती.

"ही खरखर कधीपासून?" सिद्धलिंगनं हळूच विचारलं.

"मलप्पाकाकानं मोटर लावली की होती. रोजच."

सिद्धलिंग ताडकन उठला. "ठिणगी उडाली की विद्युतचुंबकीय लहरी निघतात. रेडिओ त्या पकडतो. कुठंतरी तार ढिली असेल... चुकतही असेन मी."

"चुकलास तर चुकलास! चल!"

तीन वाजून गेले होते. पंपाच्या खोलीपासून तिघं तारांखालून निघाले. पहिल्या खांबापाशी खरखर थोडी वाढली, दुसऱ्यापाशी आणखी. बाभळीजवळच्या तिसऱ्या खांबापाशी गाणं पार बुडालं! वर मात्र उन्हात काहीच दिसेना.

"खांबाला हात लावू नको, गुरुपाद!" सिद्धलिंग म्हणाला. "मोटर बंद केल्यावर खरखर थांबली, तरच मी बरोबर."

उमा धावत सुटली. खोलीत मलप्पाकाका घोरत होते. स्टार्टर पडून मोटर बंद होऊ नये म्हणून त्यांनी बटणाशी चक्क काडी खोचली होती! उमानं ती ओढली. खट्! स्टार्टर पडला.

"थांबली! थांबली!" तिकडून गुरुपाद ओरडला.

दोघं धावत खोलीपाशी आले, तेवढ्यात ट्रकही आला. इंजिनिअर भगवानराव उतरले.

"साहेब, बोअर कोरडीच हाय," मलप्पाकाका डोळे चोळत म्हणाले.

"मग ही काडी कशाला, काका?" उमानं विचारलं.

"स्टार्टर सारखा पडायचा, म्हणून..."

सिद्धलिंग पुढे झाला. "साहेब, कोरड्या बोअरमध्ये मोटर हलकी फिरते. त्यानं स्टार्टर पडत नाही. तीनपैकी एक तार सुटली तर उरलेल्या दोन तारांवर भार येतो, मोटरला जोर राहत नाही, पाणी वर चढत नाही. आमचा रेडिओ तिसऱ्या खांबापाशी..."

भगवानरावांनी वीज तोडायला लावून सोबतच्या लाइनमनला तिसऱ्या खांबावर चढवलं.

"साहेब, तारेचा जोड जळून काळा पडलाय!" तो वरून ओरडला.

नवा जोड झाला. मोटर सुरू झाली. पाइप नुसता फुसफुसत राहिला. उमानं डोळे मिटले.

"ऐक!" सिद्धलिंग कुजबुजला. मोटर चालू होती, आणि रेडिओवर स्वच्छ गाणं!

पाइप खोकला. आधी तांबडा चिखल आला, मग पाणी!

"आणखी दोन दिवस ही काडी राहिली असती, तर मोटर जळालीच असती," भगवानराव म्हणाले. त्यांनी कागदावरचा शेरा खोडला. "शाबास, पोरांनो! आम्ही नुसता कागद पाहिला."

उमाची आई, नागम्मा, बांधलेलं गाठोडं डोक्यावर घेऊनच धावत आली होती. तिनं ते खाली ठेवलं, गाठ सोडली आणि पहिली घागर पाइपाखाली धरली.

"उमे," ती म्हणाली, "बघत काय राहिलीस? दुसरी घागर आण!"