परत आलेल्यांची स्मृती

लढाईच्या अकराव्या दिवशी, भर दुपारी, वाघेरी हवाईतळाच्या स्मृतिकेंद्रात डॉ. स्नेहल दाभाडे यांना आपली चूक सापडली. चूक साधीच होती. बारा वर्षं तिच्याबद्दल त्यांची पाठ थोपटली गेली होती, एवढंच.

वायुदलाच्या एका तुकडीत सहा लढाऊ विमानं. पुढच्यात माणूस, मागची पाच निर्वैमानिक. ती उतरली की त्यांचा अनुभव केंद्रातल्या सामूहिक स्मृतीत जमा व्हायचा, आणि पुढच्या उड्डाणाला सगळा ताफा तेवढा शहाणा झालेला असायचा.

"अकरा दिवसांत सात वैमानिक गेले," तळप्रमुख ग्रुप कॅप्टन सरदेशमुख म्हणाले. "मागचं एकही विमान पडलं नाही. याला शत्रूचा नेम म्हणायचं की आपलं नशीब?"

"दोन्ही नाही, सर. माझा नियम," स्नेहलताई म्हणाल्या. "स्मृती फक्त परत आलेल्या विमानांची घ्यायची, हे मी ठरवलं. बुडालेल्याकडून पोहणं काय शिकायचं, असं समितीपुढे म्हणाले होते मी. सगळे हसले होते."

"मग बिघडलं कुठे?"

"परत आलेलं विमान काय सांगणार? वेळेवर वळलो म्हणून वाचलो. पुढच्यावर क्षेपणास्त्र आलं की मागची पाच वळतात. ताफा पळायला शिकलाय."

सरदेशमुखांचा चेहरा उतरला. "केतकी वीस मिनिटांपूर्वी उडाली, बाई."

केतकी स्नेहलताईंची एकुलती एक मुलगी. 'आईनं शिकवलेली विमानं पाठीशी आहेत, मला काय होतंय?' असं ती मित्रांना ऐटीत सांगायची.

सरदेशमुखांनी रेडिओ उचलला. "केतकी, ताबडतोब परत फिर."

"फिरते, सर. पण माझी पाच कुठे गेली? एकही दिस—"

पुढे नुसती खरखर आली.

पाच विमानं ओळीनं उतरली. एकावरही ओरखडा नव्हता. तंत्रज्ञांनी नेहमीप्रमाणे तारा जोडल्या. स्नेहलताईंचं काळीज फाटलं होतं. हात तेवढे सवयीनं चालत होते. त्यांनी नोंदी उघडल्या आणि वेळा तीन-तीनदा वाचल्या. पाचही विमानं आधी वळली होती. क्षेपणास्त्र त्यानंतर आठ सेकंदांनी सुटलं होतं.

"मी पुन्हा चुकले, सर," त्या म्हणाल्या. "ती पळत नव्हती. परत आलेल्या तुकड्यांमध्ये पुढचं विमान गेलेलं होतं, आणि ते गेल्याची नोंद स्मृतीत कुठेच नव्हती. घरी यायचं तर पुढच्याला एकटं उघड्यावर टाकायचं, शत्रू त्याच्यात गुंततो, एवढंच ती शिकली. माझ्या पोरीला त्यांनी पुढे केलं."

"पुसून टाका ती स्मृती!"

"पुसली तर विमानं नुसता पत्रा. सहा महिने जागची हलणार नाहीत."

सरदेशमुखांनी खिशातून एक कागद काढला. "उद्या सकाळी चार तुकड्या पाठवायचा वरून हुकूम आहे. माझी तर मती गुंग झालीय. पुढे कोणाला बसवू, तुम्हीच सांगा."

कागदावर उरलेल्या वैमानिकांची नऊ नावं होती. त्यातली पाच मुलं केतकीच्या वाढदिवसाला घरी जेवून गेली होती. उरलेली चार नावं स्नेहलताईंच्या ओळखीची नव्हती. रडत रडत त्यांनी त्या चारांवर बोट ठेवलं.