हो, आणि

बायको गेल्यावर पाचव्या महिन्यात मुलीने मला भाषेच्या वर्गात घातलं. म्हणाली, "बाबा, भिंतींशी बोलण्यापेक्षा चार माणसांशी बोला. चुकलात तरी तिथे सगळेच चुकतात." मी आता परमुलखात तिच्याकडेच राहणार होतो. तिथली भाषा यायला हवी, हे मलाही पटत होतं.

वर्ग सकाळी दहाला, वाचनालयाच्या वरच्या खोलीत. आम्ही पाचजण: शिंपीण, ट्रकवाला, बेकरीवाला, नर्स आणि मी. टीचर व्याकरण शिकवत नसत. एखादं विचित्र चित्र टांगायच्या, तसलंच संगीत लावायच्या आणि चित्रात काय दिसतं ते प्रत्येकाला एकेका वाक्यात सांगायला लावायच्या. नियम एकच. आधीच्याचं खोडायचं नाही, "हो, आणि" म्हणून पुढे जायचं. त्याने भीड चेपते म्हणे. गेल्या आठवड्यात बेकरीवाल्याने एका निळ्या ठिपक्याला आपली सासू ठरवलं, आणि आम्हा सगळ्यांना फेरीभर तिला सांभाळावं लागलं.

त्या मंगळवारी राखाडी कागद होता. त्यावर एक तिरपा पिवळा पट्टा, बस्स. संगीत म्हणजे ओल्या बोटाने ग्लासची कड घासल्याचा आवाज.

"हे स्वयंपाकघर आहे," शिंपीण म्हणाली.

"हो, आणि नळ चालू आहे," ट्रकवाला म्हणाला.

"हो, आणि एक बाई खाली पडली आहे." बेकरीवाला आज हसला नाही.

नर्सने मान तिरकी करून बघितलं. "हो, आणि तिचा चष्मा फ्रिजखाली गेला आहे. ती हाक मारते आहे."

तो चष्मा नंतर मीच झाडूच्या दांड्याने बाहेर काढला होता. हे कुणालाच माहीत नव्हतं. मुलीला मी सांगितलं होतं की तेव्हा मी दुकानात गेलो होतो. खरं तर मी शेजारच्या खोलीत होतो. सकाळीच माझं आणि बायकोचं वाजलं होतं. तिने हाक मारली आणि मी मनात म्हटलं, मारू दे. मुलीला हे कळलं असतं, तर तिने मला दारात उभं केलं नसतं.

"आजोबा, तुमची पाळी."

"हो, आणि," मी म्हणालो, "घरात दुसरं कुणी नाही."

"शाब्बास! एकही चूक नाही."

फेरी माझ्यापाशी संपायची. पण टीचर माझ्या डावीकडच्या रिकाम्या खुर्चीकडे वळल्या. मान हलवू लागल्या.

बाकीचेही पुढे झुकले, हळू बोलणाऱ्याचं ऐकायला झुकतात तसे.

मला काचेचा आवाज तेवढा येत होता. टीचरनी संगीत बंद केलं.

मग तोही नाही.

"त्या विचारताहेत," टीचर मला म्हणाल्या, "मग हाक कुणाला मारली?"

मी तिकडे बघितलं नाही.

"सांगा की, आजोबा," बेकरीवाला हळूच म्हणाला. "त्यांनी थांबायचं तरी किती वेळ?"