शिराजचा गुरुवार

रेणुकाईच्या कमानीपाशी मोटारसायकल गचकली, मागं बांधलेलं कॅरेट घसरलं आणि द्राक्षांचे घड थेट आकांक्षाच्या पायाशी येऊन पडले. पूजेचं ताट कट्ट्यावर ठेवून ती घड उचलू लागली.

“एवढे बारीक मणी?” तिनं एक घड उन्हात धरला. “पाणी देत नाहीत वाटतं वेलीला!”

“मुद्दाम कमी देतो,” गाडीवरचा तरुण हसला. “वाइनची हायेत.”

चटका बसावा तसा तिनं घड खाली ठेवला.

“अहो, अजून द्राक्षंच हायेत ती! चाखून तर बघा.”

ती घुटमळली... मग एक मणी कपाळाला लावून, देवीचं नाव घेऊन तिनं तोंडात टाकला. जाड साल, आत बिया, आणि त्यामागून – तिनं डोळे मिटले.

“गवत... दव पडलेलं, नुकतं कापलेलं.”

“सोव्हिनॉन ब्लां,” तो म्हणाला. “आणि मी अंगद.”

“बरं झालं, एक तरी नाव सोपं आहे,” ती म्हणाली, आणि स्वतःच्याच धिटाईनं कानापर्यंत लाल झाली.

अंगद नाशिककडे वाइनच्या द्राक्षांचं काम शिकून आला होता. देवळाच्या वाटेवरच, पिंपळगावच्या रस्त्याला त्यानं दोन एकरांत वाइनच्या चार जाती लावल्या होत्या. दर शुक्रवारी आकांक्षा देवीला निघाली की कुंपणापाशी एक घड तयार असे. ती तो देवीपुढं ठेवी आणि परतताना चाखे.

“साल थुंकू नको. सगळी चव तिच्यातच राहती,” तो सांगे. “बोल, हे काय?”

“पेरू. पिकलेला. आणि मागून मध.”

“शेनिन ब्लां. बराबर! तिची वाइन पण अशीच लागती. तू एकदा–”

“मी घेणार नाही हं.”

“माहिती हाय. म्हणून तर मणी देऊन राह्यलो.”

मग काळी शिराज पिकली. साल चावली आणि जिभेवर हलकीशी चुरचुर उठली. “मिरी!” ती दचकून म्हणाली, आणि तो असा हसला की वेलींवरचे पोपट उडाले.

“आता कॅबर्ने राहिलं. ते सगळ्यात उशिरा पिकतं. ढोबळ्या मिरचीचा वास, जांभळाचा रंग. त्याच्या तोडणीला येशील?”

“कुंपणाच्या बाहेर उभी राहीन.”

“आत आलीस तर?”

तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. “ते... घरी येऊन विचारा.”

तो आला. पण त्याच्या मामांनी, सर्जेरावांनी, शुभ म्हणून नेमका गुरुवार धरला. गुरुवारी दिवेलागणीपर्यंत आकांक्षाचं मौन असे.

अंगदनं शिराजचा एक घड स्वच्छ पुसून आणला होता. आकांक्षाचे वडील, भुजंगराव, गळ्यातल्या तुळशीच्या माळेवर हात ठेवून त्याकडे बघत राहिले.

“पोरा, तू चांगलाच हायेस. पण ही दारूची द्राक्षं.”

“मी फळ लावतो, काका.”

भुजंगराव लेकीकडे वळले. “आकू, आमच्या घरात तुझ्याइतकं देवाचं कोणी करत न्हाई. तूच सांग. हा घड ठेवशील देवीपुढं?”

सगळ्यांचे डोळे तिच्यावर. किती शुक्रवार तिनं ठेवला होता! बाबांना कळलं तर... लोकांना कळलं तर... ती फरशीकडे बघत राहिली. बघतच राहिली.

“मौन हाय तिचं,” भुजंगराव सावकाश म्हणाले. “पण समजलं.”

अंगदनं घड उचलला. “येतो, काका.”

दुसऱ्या दिवशी ती देवळाची वाट सोडून आधी बागेत गेली. पहिल्यांदाच कुंपणाच्या आत. शिराजची तोडणी चालली होती.

“काल माझं मौन होतं,” ती धापा टाकत म्हणाली.

“माहीत होतं मला.”

“मग रागावलात का?”

“रागावलो न्हाई.” अंगदची कात्री थांबली. “मी तुझ्या तोंडाकडं बघतच नव्हतो, आकांक्षा. मी मानेकडं बघत होतो.”

मान हलवायला कुठल्या व्रताची आडकाठी होती?

“आज सांगते ना... हो. माझं हो आहे.”

“इथं तर तू दर शुक्रवारी हो म्हणत होतीस,” तो हळू म्हणाला. “मला गावात रोज कोणी ना कोणी दारूवाला म्हणतंय. त्याची सवय हाय. पण लग्नानंतर कोणी तसं म्हणताना तू शेजारी उभी राहून खाली बघितलंस, तर मंग न्हाई सोसायचं मला.”

त्यानं भरलेलं कॅरेट खांद्यावर घेतलं आणि तो टेम्पोकडे चालू लागला. ती कुंपणाबाहेर आली आणि देवळाऐवजी घराकडे वळली.

घरी भुजंगराव ओसरीवर टाळ पुसत बसले होते. “देवीला गेल्तीस?”

हातात फुलं तशीच होती. हो म्हणणं किती सोपं होतं.

“नाही, बाबा. अंगदच्या बागेत गेले होते. त्याची द्राक्षं मी दर शुक्रवारी देवीपुढं ठेवलीत, आणि खाल्लीत. आज त्याला हो म्हणायला गेले होते.”

टाळांवरचं फडकं थांबलं.

“मंग? काय म्हणला तो?”

“नाही म्हणाला.”

भुजंगरावांनी टाळ खाली ठेवले. मग ते जरा बाजूला सरकले आणि ओसरीवर लेकीला बसायला जागा केली.