धडपड्याचे दात

मी दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवते. मेणात दात रचायचे आणि खरे वाटावेत म्हणून जरा वेडेवाकडे करायचे, हे माझं काम. हात सराईत आहे म्हणूनच दादा म्हणाला, "लेकीच्या खोलीत आपला धडपड्या काढून दे."

धडपड्या म्हणजे आमच्या लहानपणी टीव्हीवर येणारा लांडगा. निळा, लांब नाकाचा, एका बोकडामागे जन्मभर धावणारा. दर भागात तो आपटायचा, चेचला जायचा आणि घरदार हसायचं. टीव्ही बंद झाला की आम्ही तेच खेळायचो. बोकड कायम दादा, लांडगा कायम मी. त्याने माझ्या करंगळीवर दार लावलं, तेव्हाही आई म्हणाली, "खेळताना लागतंच." करंगळी अजून वाकडी आहे. मला आवडायचा मात्र लांडगाच.

रविवारी मी तो भिंतीवर काढला. भागाच्या शेवटी दिसायचा तसा: कपाळावर टेंगूळ, करंगळीला पट्टी, वरचे दोन दात तुटलेले. दादा पोट धरून हसला. "अगदी तू," म्हणाला.

बुधवारी वहिनीचा फोन आला. "ताई, ते टेंगूळ कधी पुसलंत?"

मी तिकडे फिरकलेही नव्हते. भिंतीला ओल असेल, रंग उडाला असेल, असं मी म्हटलं. मग तिनेच सहज सांगितलं, की सकाळी दादाने कपाटाच्या दारावर कपाळ आपटून घेतलंय.

पुढच्या आठवड्यात त्याची करंगळी गाडीच्या दारात सापडली. "भिंतीवरची पट्टी आहे का गं?" मी विचारलं. ती फोन घेऊन बघून आली. "नाही," म्हणाली.

मग तो जिन्यावरून घसरला. पाय मोडला, वरचे दोन दात गेले. डॉक्टरांनी घेतलेलं माप माझ्याच टेबलावर आलं. दातांचा रंग जुळवायला मी संध्याकाळी त्याच्याकडे गेले.

जिना चढवत नाही म्हणून त्याची खाट खाली, लेकीच्या खोलीत आणली होती. लेक वर, वहिनीजवळ झोपत होती. वहिनीने भिंतीला दोनदा पांढरा रंग दिला होता. त्यावर लांडगा स्वच्छ उभा होता. अंगावर ओरखडा नाही. तोंडात दोन नवे दात. डावा जरा पुढे, कोपरा उडालेला.

ते दात मी लहानपणापासून, जेवताना समोर बसलेल्या दादाच्या तोंडात पाहत आले होते.

भिंतीच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीपाशी, एक बोकड होता. मी तो काढला नव्हता. त्याचा मागचा पाय प्लास्टरमध्ये होता.

"लांडगा सरकतोय," दादा बोबडं बोलला. "रोज थोडा. पुसून टाक ना."

"वहिनीने रंग देऊन पाहिला की."

"तू काढलायस. तुझं ऐकेल."

मी त्याचा ओठ वर करून रंगाचे नमुने लावून पाहिले.

"शेवटच्या भागात काय झालं होतं गं?"

"तो आपण पाहिलाच नाही, दादा. टीव्ही बिघडला होता."

तो भिंतीकडे बघत राहिला. मी नमुने डबीत भरले.

वहिनी दिवा मालवायला आली.

"राहू दे," मी लांडग्याकडे बघत म्हणाले. "त्याला दिसायला हवं."

"यांना उजेडात झोप लागत नाही हो, ताई."

मी बटणावरचा तिचा हात हळूच बाजूला केला.