नजर हटली तर हटली

डोळ्यांच्या दवाखान्यात भेटलेल्या माणसाच्या प्रेमात पडू नये, असं कुणी मला आधी सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं. मी कुणाचं फारसं ऐकत नाहीच.

डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांत थेंब घातले आणि बाहुल्या मोठ्या होईपर्यंत बाहेरच्या बाकावर डोळे मिटून बसायला सांगितलं. चाचपडत बसताना माझा पाय कुणाच्या तरी पायावर पडला.

"तो पाय माझा आहे," शेजारून आवाज आला. "हवा असेल तर ठेवा तिथेच."

"मला दिसत नाहीये."

"मलाही. म्हणून ओरडलो नाही. म्हटलं, आधी दिसू दे, मग रागवायचं की नाही ते ठरवू."

मला हसू आलं… फोन दिसत असता तर आम्ही दोघं माना खाली घालून गप्प बसलो असतो. दिसत नव्हता, म्हणून बोललो. डोळे मिटलेले असले की अनोळखी माणसाला काहीही सांगता येतं. मी सगळं सांगितलं. कपडे विकणाऱ्या कंपनीत मी फोटो साफ करते. शर्टाच्या कडेनं रेघ ओढायची, मागची भिंत कापून टाकायची, की पुढचा शर्ट. पडद्याकडे टक लावून बसलं की पापणी लवायची विसरते. डोळे कोरडे पडतात, संध्याकाळी वाळू ओतल्यासारखे खुपतात. घरी भाऊ मला घुबड म्हणतो.

डॉक्टरीणबाईंचं औषध साधं होतं. दर वीस मिनिटांनी मान वर करायची, थोडा वेळ लांब बघायचं, पापण्या मिटायच्या. आणि तेच मला परवडत नव्हतं. आमच्या पडद्यावरचा कॅमेरा आमच्या डोळ्यांवर पहारा देतो. मी खिडकीतून समोरच्या पाण्याच्या टाकीकडे बघितलं की लाल पट्टी येते — 'नजर हटली'. अशा पट्ट्या साठल्या की नोकरी गेली. पापणी लवली म्हणून पगार कापतात का गं, असं डॉक्टरीणबाईंनी चेष्टेनं विचारलं होतं. मी हो म्हटल्यावर त्यांचं हसू गेलं.

"मग काय, टाकीकडे बघणं बंद करणार?" त्यानं विचारलं.

"मुळीच नाही. नोकरी दुसरी मिळेल. डोळे दुकानात मिळतात का?"

बाक करकरला; तो माझ्याकडे वळला असावा.  मग हळूच म्हणाला, "टाकीकडे बघताना तुम्ही गाल फुगवता… लहान मुलासारखे."

मी डोळे उघडले. जवळचं सगळं धूसर होतं. एक धूसर चेहरा माझ्याकडे वळलेला.

"टाकी दिसणारी खुर्ची एकच आहे," तो म्हणाला. "चेहरा ओळखीचा होता. आवाज आज ऐकला."

आमच्या वरच्या मजल्यावर एक खोली आहे. लाल पट्टी आली की त्या वेळची क्लिप तिथे जाते, आणि तिथला माणूस ठरवतो — हा कामचुकार की याला खरी अडचण. तो माणूस हा, त्यानंच सांगितलं. महिनाभर माझ्या सगळ्या क्लिपा याच्याकडे, आणि प्रत्येकीपुढे यानं लिहिलं होतं, 'डोळ्यात कचरा गेला'.

माझं डोकंच फिरलं. "माझ्या डोळ्यात कचरा गेला नव्हता. डोळे दमले म्हणून मी वर बघत होते. खरं लिहायला तुमचा हात मोडतो का?"

"खरं लिहिलं असतं तर तुमची नोकरी गेली असती."

"माझ्या शेजारी बसणाऱ्या पोरीची गेलीच ना मागच्या आठवड्यात. तिचे गाल आवडले नाहीत वाटतं."

 मी भिंत धरत धरत निघून आले. रडले नाही. थेंबांमुळे पाणी येत होतं, ते वेगळं.

सोमवारी मॅनेजरबाईंनी केबिनमध्ये बोलावलं. तो आधीच तिथे उभा होता. पहिल्यांदा नीट दिसला. कान जरा बाहेर आलेले, डोळे माझ्याहून लाल. त्यानं सकाळपासून सगळ्यांच्या क्लिपांपुढे एकच वाक्य लिहिलं होतं — 'डोळ्यांना विश्रांती दिली, बरोबर केलं'. बाई म्हणाल्या, त्यानं ते बदलायचं, मी पुन्हा नजर हटवणार नाही म्हणून कबूल करायचं, नाहीतर दोघांनी घरी बसायचं.

तो माझ्याकडे न बघता म्हणाला, बदलणार नाही.

मग मी बोलले. "काढा. पण कारण लिहून द्या. पापणी लवली म्हणून काढलं. खाली तुमची सही. मी तो कागद कामगार कचेरीत नेते, आणि जाण्याआधी खालच्या मजल्यावर सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवते."

बाईंनी पेन उचललं. ठेवलं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, मी त्यांच्याकडे. शेवटी म्हणाल्या, जा, जागेवर बसा. लाल पट्टी अजून येते. पण तिच्यापायी कुणाला काढायची त्यांची छाती झाली नाही.

त्याला मात्र त्या खोलीतून हलवलं. दुपारच्या सुट्टीत जिन्यात भेटला. आता गोडाऊनमध्ये खोकी लावायची, म्हणाला. डोळ्यांना बरंच आहे.

"मग तोंड का पडलंय?"

"तुम्ही दिसणार नाही." तो कठड्याशी चाळा करत होता. "सकाळी कॉम्प्युटर लावला की आधी तुमची क्लिप शोधायचो. चूक आहे, कळतं मला… पण आवडता तुम्ही. सांगून टाकलं."

 

"महिनाभर तू मला न विचारता बघितलंस," मी म्हणाले. तुम्हीचं तू कधी झालं, मलाच कळलं नाही. "आता माझी पाळी. तिकडे उजेडात उभा राहा. हलायचं नाही."

"किती वेळ?"

"माझं मन भरेपर्यंत."

तो जाऊन उभा राहिला. मी पायरीवर बसले, हनुवटी तळहातावर टेकवली आणि बघायला लागले. आधी त्याचे कान लाल झाले, मग मान. हात कुठे ठेवावेत ते त्याला सुचेना. सुट्टी संपल्याची घंटा झाली. लोक आमच्यामधून वाट काढत, वळून वळून बघत वर गेले.

मी उठले नाही.